छपरावरची जास्तीची वीज शेजाऱ्याला: गावात चाचणी कशी घ्यायची

छपरावर सोलर बसतं, बिल जवळपास शून्यावर येतं, आणि वर्ष सरता सरता घरधनी विचारतो, "भाऊ, एवढी लाइट बनते, मले तर पुरून उरते. उरलेलीचं काय होते?" वर्धा, यवतमाळ, अमरावतीकडच्या गावांत प्रधानमंत्री सूर्यघर योजना पोचली तसा हा प्रश्नही पोचला.

हिशोब साधा आहे. २०२४ पासून या योजनेत ३ किलोवॉटच्या संचाला ७८,००० रुपये अनुदान मिळतं, म्हणून मंजूर भार वाढवून घेऊन लोक ३ किलोवॉट बसवतात. आपल्याकडच्या उन्हात किलोवॉटमागे दिवसाला सरासरी ४ युनिट धरली, तर महिन्याला साडेतीनशेच्या आसपास वीज तयार होते. गावातल्या घराला लागतात शंभरएक. बाकीची लाइनवर जाते आणि तुमच्या खात्यावर जमा होते. पुढच्या महिन्यांत तुम्ही ती युनिटाला युनिट वळती करू शकता, पण ३१ मार्चला जी शिल्लक राहते ती वीज कंपनी राज्याच्या वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या दराने घेते. तो दर आणि चार घरं पलीकडचा किराणावाला व्यापारी दराने भरतो तो दर, यांच्यात मोठी दरी आहे.

उरलेली वीज थेट शेजाऱ्याच्या नावे लावायची आणि या दरीतला फायदा दोघांनी वाटून घ्यायचा, एवढीच या देवघेवीची कल्पना. वीज काही नवीन वाटेने जात नाही. तुमच्या छपरावरून निघालेली वीज आजही जवळच्या भारालाच लागते. बदलतो तो फक्त हिशोब. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये २०१६ साली शेजाऱ्याशेजाऱ्यांत असा व्यवहार झाला. बांगलादेशात शरीयतपूर जिल्ह्यात २०१५ पासून सोलरवाली घरं आपसांत वीज वाटू लागली, मात्र तिथे कंपनीची लाइनच नव्हती, म्हणून ती गोष्ट वेगळी. आपल्या देशात लखनौला डिसेंबर २०२० मध्ये सरकारी वीज कंपनीच्या जाळ्यावर चाचणी झाली, पाठोपाठ दिल्लीतही. या दोन्ही ठिकाणी वीज कंपनी सोबत होती, आणि उत्तर प्रदेशात तर नियामक आयोगानेही वाट करून दिली होती. गावात स्वतःच्या बळावर सुरुवात करणाऱ्यांनी हा फरक पक्का ध्यानात ठेवावा.

तार ओढू नका, पैसे घेऊ नका

पहिली पायरी म्हणजे काय करायचं नाही ते ठरवणं. वीज कायदा २००३ च्या कलम १२ प्रमाणे परवाना किंवा सूट असल्याशिवाय वीज वाहून नेता येत नाही, वाटता येत नाही, विकताही येत नाही. याच कायद्याच्या कलम १४ मध्ये राज्याने अधिसूचित केलेल्या ग्रामीण भागासाठी परवान्यातून सूट आहे. पण ती स्वतः वीज बनवून स्वतःच्या जाळ्यावर वाटणाऱ्यासाठी आहे. कंपनीच्या खांबांवर चालणाऱ्या नेट मीटरवाल्याला (नेट मीटर म्हणजे घेतलेली आणि दिलेली, दोन्ही वीज मोजणारं मीटर) ती धरून बसता येत नाही. म्हणून छपरावरून शेजारच्या दुकानात केबल टाकणं हा जुगाड कितीही सोपा दिसला तरी करायचा नाही. कायदा सोडा, लाइनमन डीपी (गावातला ट्रान्सफॉर्मर) बंद करून खांबावर चढलेला असताना अशा केबलीतून उलटी वीज आली तर माणूस जाईल.

मग चाचणी कशाची? वहीतल्या व्यवहाराची. कोणी किती दिली, कोणी किती घेतली, काय दर पडला असता आणि कोणाचे किती वाचले असते, हे सगळं कागदावर. बिलं नेहमीसारखी कंपनीलाच भरायची. हे ऐकून काही जणांचा उत्साह मावळतो. मावळू द्या, जे उरतील त्यांच्यासोबत काम नीट होतं. माझ्या मते सोलर चालतं का हे तपासायची आता गरजच नाही, ते चालतंच. तपासायचं ते हे, की दुपारी वीज घेणारं कोणी गावात आहे का, आणि दहा घरांना एकच हिशोब पटतो का.

एक डीपी, दहाएक घरं

अख्खं गाव घेऊ नका. एकाच डीपीवरची दहाएक जोडण्या घ्या: तीन-चार सोलरवाल्या, बाकी बिनसोलरच्या, आणि त्यांत किमान दोन दिवसा चालणारे धंदे. कोणती जोडणी कोणत्या डीपीवर आहे हे गावातला लाइनमन चहा पिता पिता सांगतो. त्याला पहिल्या दिवसापासून सोबत घ्या. त्याच्या मनात शंका राहिली तर चाचणी पुढे सरकत नाही.

एकाच डीपीचा आग्रह का? कारण तेवढ्या वर्तुळात वीज खरोखर शेजाऱ्याकडेच जाते आणि पुढे कंपनीसमोर मांडताना "वरच्या लाइनवर भार नाही" असं म्हणता येतं. एक बारकावा इथे आहे. घरची सोलर जोडणी बहुतेक वेळा एका फेजवर असते, गिरणी तीन फेजवर. हिशोबात याने फरक पडत नाही. पण तिन्ही सोलर घरं एकाच फेजवर असली, तर दुपारी त्या फेजचं व्होल्टेज चढतं आणि इन्व्हर्टर स्वतःला वाचवायला बंद पडतो. असं होत असेल तर फेज वाटून द्यायला लाइनमनला सांगा. स्वतः हात घालू नका.

ग्रामसभेत विषय एकदा तोंडी मांडून नोंद करून घ्या. पुढे कार्यालयात जाताना तो कागद कामाला येतो.

दुपारचं गिऱ्हाईक शोधा

नवख्यांची गाडी नेमकी इथे रुतते. शेतकऱ्यांचं गाव म्हटलं की सगळ्यांना पहिलं गिऱ्हाईक आठवतं ते मोटरपंपाचं. ते विसरा. एक तर साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना एप्रिल २०२४ पासून बळीराजा मोफत वीज योजनेत वीज फुकट आहे, आणि फुकटाशी स्पर्धा कोण करणार? दुसरं, बऱ्याच ठिकाणी गावठाणाचा फीडर (वीज आणणारी मुख्य लाइन) आणि शेतीचा फीडर वेगळे केलेले आहेत. बांधाला बांध लागून असलेली विहीर विजेच्या हिशोबाने तुमची शेजारीण नसते.

गरीब घरंही चांगली गिऱ्हाइकं नाहीत, हे सांगायला बरं वाटत नाही. ज्या घरात महिन्याला शंभरच्या आत युनिट जळतात त्यांना आधीच सगळ्यात खालचा टप्पा लागतो. शेजाऱ्याची वीज घेऊन त्यांचे वाचतील ते चार पैसे. त्यांना "बिल निम्मं होईल" असं आश्वासन देऊन गोळा करू नका.

खरं गिऱ्हाईक म्हणजे दिवसा मोटर फिरवणारा आणि महाग दर भरणारा. पिठाची गिरणी. थंड पाण्याचे जार भरणारा आरओ प्लांट. किराणा दुकानातला डीप फ्रीज. वेल्डिंगचं दुकान, झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं सेंटर. तुरीच्या पट्ट्यात बचत गटाची मिनी दालमिल. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेल्या अशा दालमिल विदर्भात बऱ्याच आहेत आणि तूर निघाली की जोरात चालतात. उन्हाळ्यात मिरची कांडप. हे धंदे कधी चालतात ते आधी आठवडाभर नुसतं बघा. कित्येक गिरण्या सकाळी आणि संध्याकाळीच चालतात, कारण दुपारी बाया शेतात असतात. गिरणीवाल्याला दळण दुपारी काढायला पटवता आलं, तर चाचणीचा अर्धा फायदा तिथेच निघतो. त्यासाठी कुठल्याही यंत्राची गरज नाही, फक्त डबे सकाळी आणून ठेवायची सवय लागते.

मीटर वाचणं

दुकानदार तुम्हाला डेटा पाठवणारी उपकरणं दाखवतील, ब्लॉकचेनचं (सगळ्यांकडे एकसारखी राहणारी संगणकी वही) नाव घेतील. लखनौच्या चाचणीत ब्लॉकचेन होतं हे खरं. दहा घरांना लागतो मोबाइलचा कॅमेरा आणि दोनशे पानी रजिस्टर.

सोलरवाल्याच्या नेट मीटरवर दोन आकडे आळीपाळीने दिसतात: लाइनवरून घेतलेली युनिट आणि लाइनवर दिलेली युनिट. आपल्याला दिलेल्याचा आकडा हवा. घेणाऱ्याच्या साध्या मीटरवर एकच आकडा असतो. दोन्हींचा फोटो ठरलेल्या वेळी काढायचा: सकाळी दहा, बारा, एक, दोन, चार. फोटोत आकडा आणि वेळ दोन्ही येतात, वाद मिटतो. मीटरचं सील, झाकण, बटणाखालची पट्टी, कशालाही हात लावायचा नाही. डिस्प्लेवर दशांश दिसत नसेल तर तासाऐवजी दोन तासांचं अंतर ठेवा. वीज बाजारात हिशोब पंधरा मिनिटांच्या तुकड्यांत चालतो. आपल्याला तासाचा पुरे.

रोज वाचण्याची गरज नाही. आठवड्यातून दोन दिवस धरा, एक बाजाराचा आणि एक साधा. सगळी घरं त्याच दिवशी, त्याच वेळी. रजिस्टरचं काम बचत गटाच्या एखाद्या ताईंकडे द्या. व्याजाचे, हप्त्यांचे हिशोब त्या दर महिन्याला करतात आणि त्यांच्या वहीवर गावाचा भरवसा असतो. कापूस वेचणीच्या दिवसांत मात्र दुपारी गावात माणूस सापडत नाही. तेव्हा घरी असणाऱ्या आजोबांना किंवा गिरणीवाल्याला फोटो काढायला शिकवून ठेवा.

एक काळजी घ्या. तासातासाची युनिट पाहिली की कोणतं घर दुपारी कुलूपबंद असतं ते कळतं. ते आकडे गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. ग्रुपवर फक्त महिन्याची बेरीज. ज्याचे आकडे त्याला.

दर कसा ठरवायचा

घेणाऱ्याचं बिल उलगडा. त्यात स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि वीज शुल्क अशा ओळी असतात. स्थिर आकार कमी होणार नाही, तो बाजूला ठेवा. उरलेल्यांना युनिटांनी भागलं की एका युनिटाला खरोखर किती पडतं ते कळतं. ही झाली वरची मर्यादा. खालची मर्यादा म्हणजे वर्षअखेरीस विकणाऱ्याला शिल्लक युनिटामागे मिळणारा दर. आणि मधे कंपनीचा वहन आकार. तिचे खांब, तिच्या तारा, तिची डीपी वापरायची आणि तिला काही द्यायचं नाही, असा प्रस्ताव कोणी ऐकून घेणार नाही.

समजायला सोपे आकडे धरू. घेणाऱ्याला युनिट ९ रुपयांना पडतं, विकणाऱ्याला ३ मिळतात, वहन दीड रुपया. नवातून तीन आणि दीड वजा केले की साडेचार उरतात. ते निम्मे-निम्मे केले तर विकणाऱ्याला ५ रुपये २५ पैसे, घेणाऱ्याला वहन धरून ६ रुपये ७५ पैसे. दोघेही सव्वादोन रुपयांनी पुढे. तुमच्या बिलावरचे आकडे वेगळे असतील, रीत हीच. निम्मे-निम्मेच करा असा माझा आग्रह आहे. घासाघीस सुरू झाली की भाऊबंदकी दरात उतरते: "माह्या छपरावरची लाइट मी त्याले काहून स्वस्तात देऊ?"

एका तासाचा हिशोब

मे महिन्यातली दुपार, बारा ते एक. तीन सोलर घरांनी लाइनवर दिली १.६, १.२ आणि ०.९ युनिट, एकूण ३.७. तीन किलोवॉटचे संच असून एवढीच का, असं कोणीतरी विचारेल. घरचे कूलर आणि फ्रीज आधी आपलं घेतात. शिवाय पॅनलची क्षमता मोजलेली असते २५ अंशांवर, आणि आपल्याकडे मे महिन्यात पॅनल स्वतः ६५ अंशांपर्यंत तापतं. प्रत्येक वाढत्या अंशाला साडेतीन-चार हजारांश उत्पादन घटतं. चाळीस अंशांत जवळजवळ सातवा हिस्सा गेला.

त्याच तासात गिरणीने घेतली ४.५, जार प्लांटने १.३, कूलरवाल्या एका घराने ०.६. एकूण ६.४. मागणी जास्त, वीज कमी. तेव्हा ज्याची जेवढी मागणी त्या प्रमाणात वाटा: गिरणीला २.६, जार प्लांटला ०.७५, घराला ०.३५. बाकीची २.७ युनिट कंपनीची. गिरणीवाल्याने २.६ युनिटांचे ९ रुपयांनी २३ रुपये ४० पैसे भरले असते, आता १७ रुपये ५५ पैसे. वाचले ५ रुपये ८५ पैसे. विकणाऱ्यांना अनुक्रमे ८.४०, ६.३० आणि ४.७३ रुपये. उलट झालं, म्हणजे वीज जास्त आणि गिऱ्हाईक कमी, तर विकणाऱ्यांत प्रमाणात वाटायचं आणि उरलेली नेहमीप्रमाणे कंपनीकडे जमा.

इथे एक खाच आहे. सोलरवाला दुपारी देतो आणि रात्री लाइनवरूनच परत घेतो. रात्रीची ती युनिट नेट मीटरमध्ये दुपारच्या युनिटांतून वळती होतात. तीच युनिट शेजाऱ्यालाही विकली असं धरलं तर एक युनिट दोनदा मोजलं जातं. म्हणून महिनाअखेर ताळा करा. समजा घराने महिन्यात ३१० युनिट दिली आणि रात्री ६० घेतली. खरी विकण्याजोगी उरली २५०, म्हणजे शंभरातली साधारण ऐंशी. त्या घराच्या प्रत्येक विक्रीला ही कात्री लावायची, म्हणजे शंभरातली ऐंशीच धरायची. ही कात्री न लावलेला कागद वीज कंपनीचा अभियंता एका मिनिटात परत करेल, आणि त्याचं बरोबरच असेल.

लाइट गेली तर

गावात सगळ्यात जास्त भांडण यावर होतं. लाइन गेली की साधा नेट मीटरचा सोलर संचही बंद पडतो, ऊन कितीही रणरणतं असलं तरी. हे मुद्दाम केलेलं असतं, लाइनवर काम करणाऱ्याच्या जिवासाठी. "ऊन आहे, मग लाइट काहून नाही" हा प्रश्न पहिल्याच बैठकीत सोडवून टाका. लाइट गेल्याची आणि आल्याची वेळ रजिस्टरात लिहायची, त्या तासाचा व्यवहार शून्य. भरपाई कोणी कोणाला मागायची नाही. लग्न, पोळा, महालक्ष्म्या अशा दिवशी सोलरवाल्याच्या घरीच सगळी वीज लागली तर त्यावर कोणी बोलायचं नाही, हेही लिहून ठेवा. वचन देऊन वीज विकण्याची ही वेळ नाही.

किती दिवस चालवायचं

निदान मे आणि ऑगस्ट दोन्ही सापडले पाहिजेत. मे महिन्यात ऊन भरपूर, पण घरोघरी कूलर, म्हणून लाइनवर जाणारी वीज वाटते तेवढी नसते. ऑगस्टात ढग. सगळ्यात जास्त शिल्लक मला वाटतं फेब्रुवारी-मार्चमध्ये दिसावी: आभाळ मोकळं, पॅनल थंड, कूलर अजून माळ्यावर. नेमकी तेव्हाच तुरीची डाळ निघत असते. हा योग तुमच्या रजिस्टरात खरोखर दिसतो का ते बघा.

सोयाबीन मळणीच्या दिवसांत पॅनलवर भुसा आणि धुळीचा थर बसतो. सकाळी उन्हं चढण्याआधी साध्या पाण्याने धुवा. तापलेल्या काचेवर भर दुपारी गार पाणी मारू नका. जंगलालगतच्या गावांत माकडांचा बंदोबस्त आधी, सोलर नंतर. धुण्याची तारीखही रजिस्टरात लिहा, नाहीतर अचानक वाढलेल्या युनिटांचं कारण शोधत बसाल.

कागद घेऊन कुठे जायचं

तीन-चार महिन्यांच्या नोंदी झाल्या की वीज कंपनीच्या उपविभागात जा. हातात एकच पान असू द्या: डीपीचा क्रमांक, किती जोडण्या, किती युनिट दिली, त्यातली किती डीपीखालीच जिरली, लाइट किती तास गेली, कात्री लावून किती उरली. फोटो आणि रजिस्टर मागितलं तर दाखवायचं. ग्राहक क्रमांक आणि नावं त्या पानावर नकोत.

तिथून हो किंवा नाही लेखी मिळवा. परवानगीचा खरा दरवाजा महाराष्ट्र वीज नियामक आयोगाचा आहे. दरनिश्चितीच्या वेळी आयोग जनसुनावणी घेतो, सामान्य ग्राहकालाही लेखी सूचना देता येते आणि तोंडी मांडता येतं. उत्तर प्रदेश आणि दिल्लीची उदाहरणं तिथे द्या. दिल्लीत २०१९ पासून आभासी नेट मीटरिंगची सोय आहे: एका ठिकाणच्या सोलरची युनिट अनेक ग्राहकांच्या बिलात ठरलेल्या वाट्याने वळती होतात. शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या छपरावर सामाईक संच बसवून सभासदांत वाटणं त्याच जातीचं. तुमच्या दहा घरांना थेट देवघेवीपेक्षा तेच सोयीचं पडेल असं रजिस्टर सांगत असेल, तर अर्जात तेच मागा.

उत्तर यायला वेळ लागतो. तोवर दोन गोष्टी चालू ठेवा, महिन्यातून दोनदा नोंद आणि दुपारचं दळण.